मेंटेनर उत्तर देत नाही; पॅकेज ताब्यात घेऊ का?

ताई, नमस्कार.

मी यवतमाळ जिल्ह्यातल्या आर्णी तालुक्यात राहतो. बी.एस्सी. झाल्यावर काही काळ पुण्याला होतो, आता गावातूनच काम करतो. इथल्या एका शेतकरी उत्पादक कंपनीचं कॉम्प्युटरचं सगळं माझ्याकडे आहे. सभासदांच्या जुन्या याद्या श्रीलिपी या जुन्या फॉन्टात टाइप केलेल्या आहेत. त्या युनिकोडमध्ये आणायला मी पायथॉन या प्रोग्रामिंगच्या भाषेतलं एक छोटं पॅकेज, म्हणजे तयार कोडचा संच, वापरतो. एकाच माणसानं लिहिलेलं (तोच त्याचा मेंटेनर, म्हणजे सांभाळणारा), एमआयटी लायसन्सचं, म्हणजे कोणालाही वापरता-बदलता येणारं. बऱ्याच वर्षांत नवं व्हर्जन नाही. पायथॉन ३.१२ वर ते सुरूच होत नाही, कारण आत डिस्टयुटिल्स हे पायथॉनसोबत येणारं जुनं साधन वापरलंय. शिवाय ‘कऱ्हाळे’ हे आडनाव यादीत नीट दिसतं, पण सर्च केलं की सापडत नाही. मी दोन्ही दुरुस्त केलं, बाकी कोडही नीटनेटका केला, नमुना म्हणून आमची यादी जोडली आणि दिवाळीच्या आत गिटहबवर, जिथं तो कोड ठेवलेला आहे, पुल रिक्वेस्ट (‘हे बदल मूळ कोडात घ्या’ अशी विनंती) टाकली. आता पऱ्हाटी उपटून झाली, उत्तर नाही. ‘हा प्रोजेक्ट मेला का?’ असं तिथंच इश्यूवर (अडचणी मांडायच्या जागी) विचारलं, तेही तसंच पडून आहे. त्याखाली एका अनोळखी माणसानं ‘मला ॲक्सेस द्या, मी सांभाळतो’ असं लिहिलंय. त्याला पाठिंबा देऊ का? मित्र म्हणतो, सरळ आपल्या नावानं टाकून दे. मला ते दुसऱ्याच्या पडीत वावरात नांगर घातल्यासारखं वाटतं. मेंटेनरचा मोबाइल नंबर ओळखीतून मिळालाय, फोन करू का? खरिपाच्या बियाण्याची नोंदणी मृगाच्या आधी उरकायची आहे. आणि शेवटचं, हे काम नोकरीच्या अर्जात दाखवता येईल का?

एक कास्तकाराचा मुलगा

*

बाकीचं नंतर बोलू, आधी ती यादी काढ.

‘नमुना म्हणून आमची यादी जोडली’ हे तू एका दमात लिहून पुढे गेलास, माझं लक्ष मात्र तिथंच अडकलं. सभासदांची यादी म्हणजे नाव, गाव, गट नंबर, बहुतेक वेळा मोबाइल आणि बँकेचं खातंही. ती आज कोणालाही उघडून पाहता येते. नुसती फाइल डिलीट करून नवा कमिट (बदलाची नोंद) टाकलास तर ती समोरून जाईल, इतिहासात तशीच राहील. इतिहासातून उपटून पुन्हा पुश केलंस तरी पुल रिक्वेस्टच्या जुन्या दुव्यावर ती गिटहबकडे शिल्लक राहू शकते, आणि ती पुसून घ्यायला त्यांच्या सपोर्टला लिहावं लागतं. तेव्हा पुल रिक्वेस्ट बंद कर, इतिहास साफ कर, सपोर्टला लिही आणि कंपनीच्या संचालकांना स्वतः जाऊन सांग. शेवटचं टाळू नकोस, दुसऱ्याकडून कळलं तर वाईट दिसेल. चाचणीला खरी माणसं लागत नाहीत. चार-दोन बनावट नावं पुरतात, फक्त त्यांत ऱ्ह, ऱ्य, रफार, ऱ्हस्व वेलांटी आणि दोन-तीन अवघड जोडाक्षरं आली पाहिजेत.

आता तुझं काम. ते त्या माणसाच्या उत्तरावर अडलेलं नाहीच, हे तुझ्या लक्षात कसं आलं नाही याचं मला नवल वाटतं. दुरुस्ती तू केलेली आहेस, ती तुझ्या लॅपटॉपवर आहे, लायसन्स तुला ती वापरू देतं. मृगाचा आणि मेंटेनरचा संबंधच काय?

डिस्टयुटिल्स पायथॉन ३.१० पासून सोडून द्यायला सांगितलं होतं आणि ऑक्टोबर २०२३ मध्ये ३.१२ आलं तेव्हा ते काढून टाकलं. पण सेटअपटूल्स हे पॅकेज स्वतःसोबत डिस्टयुटिल्सची एक प्रत बाळगतं. त्याच एन्व्हायर्नमेंटमध्ये सेटअपटूल्स इन्स्टॉल कर, बहुधा तुझं जुनं पॅकेज कुरकुर न करता सुरू होईल. नाहीतर ३.११ वापर, त्याला ऑक्टोबर २०२७ पर्यंत सुरक्षेच्या दुरुस्त्या मिळणार आहेत. ही झाली मलमपट्टी. नीट काम करायचं तर रिक्वायरमेंट्स फाइलमध्ये (लागणाऱ्या पॅकेजांच्या यादीत) पॅकेजच्या नावाऐवजी तुझ्या फोर्कचा, म्हणजे तू बदललेल्या प्रतीचा, गिट पत्ता लिही आणि पुढे ब्रँचचं नाव न देता कमिटचा पूर्ण हॅश (त्या नोंदीचा ओळख-क्रमांक) दे. ब्रँच हलते, हॅश हलत नाही. त्यावरून एकदा व्हील फाइल (नेटशिवाय इन्स्टॉल करता येणारी तयार फाइल) बनवून पेनड्राइव्हवर ठेव. ऐन नोंदणीच्या दिवशी लाइन गेली, नेट गेलं, तर पॅकेज पुन्हा उतरवायची पाळी येणार नाही. (तालुक्याच्या गावी राहणाऱ्याला हे मी काय सांगावं!)

म्हणजे बियाण्याची नोंदणी या आठवड्यात मोकळी झाली. उरलेलं सगळं सावकाश करायचं आहे, आणि रागात करायचं नाही.

तुझ्या पत्रात त्या माणसाबद्दल एक नाराजी आहे, जणू त्यानं काही कबूल करून पाळलं नाही. एमआयटी लायसन्सचा शेवटचा परिच्छेद वाच, तो मोठ्या अक्षरांत असतो: सॉफ्टवेअर आहे तसं दिलंय, कसलीही हमी नाही. त्यानं एक वस्तू लिहिली आणि फुकट ठेवली. नंतर नोकरी बदलली असेल, घरात कोणी आजारी असेल, किंवा नुसता कंटाळा आला असेल, आणि कंटाळा येण्याचाही त्याला हक्क आहे. त्याच्या गप्प बसण्याला नकार समजू नकोस आणि परवानगीही समजू नकोस.

आणि खरं सांगू? तुझी पुल रिक्वेस्ट मीही उघडून बंद केली असती. डिस्टयुटिल्सची दुरुस्ती, सर्चची दुरुस्ती, सगळ्या कोडची नवी मांडणी आणि वर एक यादी, सगळं एकाच पोतडीत. रात्री जेवण झाल्यावर ज्याला अर्धा तास मिळतो तो शंभर बदललेल्या ओळींतून कामाच्या दोन शोधत बसत नाही. ‘उद्या बघू’ म्हणतो, आणि तो उद्या येत नाही. नव्यानं पाठवताना तुकडे कर. पहिल्या पुल रिक्वेस्टमध्ये फक्त डिस्टयुटिल्स. कोडची मांडणी त्याची त्याला लखलाभ, तिला हातही लावू नकोस.

‘कऱ्हाळे’ची दुरुस्ती मात्र वेगळी आणि विचार करून पाठव, कारण तिथं चूक कोणाची हे तू समजतोस तितकं सरळ नाही. हा अर्धा र युनिकोडमध्ये दोन प्रकारे लिहिता येतो. एक, नुक्तावाला ऱ, मग हलंत, मग पुढचं अक्षर. दुसरा, साधा र, हलंत आणि त्यामागे डोळ्यांना न दिसणारा एक जोडक, ज्याला झीरो विड्थ जॉइनर म्हणतात. युनिकोडच्या जुन्या आवृत्तीत ही दुसरी रीत होती, म्हणून ती आजही चालते. पडद्यावर दोन्ही हुबेहूब सारखे, कॉम्प्युटरला दोन वेगळे शब्द. पॅकेज दुसऱ्या प्रकारानं लिहीत असणार आणि तू शोधताना पहिल्या प्रकारानं टाइप करत असणार. म्हणजे ‘कऱ्हाळे’च काय, ‘शेतकऱ्यांचे’, ‘दुसऱ्या’, ‘वऱ्हाड’ काहीच सापडत नसणार, तपासून बघ. पण दुसऱ्या कोणी याच पॅकेजातून हजारो पानं आधीच काढून साठवली असतील, तर तुझ्या दुरुस्तीनंतर त्याची जुनी आणि नवी पानं एकमेकांशी जुळणार नाहीत. म्हणून मूळ वागणूक तशीच ठेव आणि नवी रीत हवी असलेल्यासाठी एक पर्याय जोड. असा बदल मान्य करायला मेंटेनरला फारसं धाडस लागत नाही. आणि तुझ्या स्वतःच्या सर्चमध्ये दोन्ही रूपं एकसारखी करून घे, कारण जुन्या याद्यांत दोन्ही सापडतील.

फोन करू नकोस. नंबर ओळखीतून मिळाला म्हणजे त्यानं तो तुला दिलेला नाही. पॅकेजच्या माहितीत दिलेला ईमेल, किंवा त्याच्या कमिटांवर दिसणारा ईमेल, ही त्यानं स्वतः उघडी ठेवलेली दारं. तिथं जा. आधी एवढं बघ की तो इतर प्रोजेक्टांवर हल्ली काही करतोय का. करत असेल तर जिवंत आहे, फक्त इकडे मन नाही. तुझा ‘मेला का?’ हा प्रश्न आधी काढून टाक. आपल्याकडे बोलताना असं सर्रास बोलतात, पण लिहिलेलं वाचणाऱ्याला तुझा चेहरा दिसत नसतो. मग एक मेल लिही. इंग्रजीत पाठवायचा असला तरी मजकूर साधारण एवढाच:

‘नमस्कार. तुमचं पॅकेज आम्ही विदर्भातल्या शेतकऱ्यांच्या जुन्या याद्यांसाठी वापरतो, त्याबद्दल आभार. पायथॉन ३.१२ साठी एक छोटी दुरुस्ती पाठवली आहे. सध्या वेळ नसेल तर तसं कळवलंत तरी पुरे. महिनाभरात काही कळलं नाही तर मी वेगळ्या नावानं फोर्क प्रसिद्ध करीन. तुमचं नाव आणि लायसन्स तसंच राहील. पुढे कधीही तुम्ही परत आलात तर दुरुस्त्या मूळ पॅकेजात आणायला मदत करीन.’

हाच मजकूर इश्यूवरही ठेव, म्हणजे बाकीच्या वापरणाऱ्यांना कळेल आणि तारखेची नोंद राहील. मधे एकदा आठवण कर. त्यापलीकडे नाही.

आता तो अनोळखी माणूस. त्याला पाठिंबा देऊ नकोस. तो भला असेलही, मला माहीत नाही, पण तुलाही माहीत नाही ना? २०१८ मध्ये इव्हेंट-स्ट्रीम नावाच्या जावास्क्रिप्ट पॅकेजच्या मेंटेनरनं ते स्वतः वापरणं कधीचं सोडलं होतं. एकानं मेल करून ‘मी सांभाळतो’ म्हटलं, यानं देऊन टाकलं. नव्या मालकानं त्यात बिटकॉइनचं एक वॉलेट लुटणारा कोड घुसवला. त्याहून मोठं प्रकरण एक्सझेड युटिल्सचं. लिनक्सवर फाइल दाबून लहान करणारी ही वस्तू जवळजवळ सगळीकडे असते, आणि ती वर्षानुवर्षं लासे कॉलिन हा एकटा माणूस फावल्या वेळात पाहत होता. २०२२ मध्ये काही खात्यांनी त्याच्यामागे लकडा लावला: किती हळू चाललंय, दुसऱ्या कोणाला तरी दे. त्यानं उघडपणे लिहिलं की आपल्याला मानसिक आरोग्याचा त्रास आहे आणि हे बिनपगारी छंदाचं काम आहे. मदतीला ‘जिया तान’ नावाचा एक उत्साही माणूस हजर होताच. हळूहळू अधिकार त्याच्याकडे गेले, आणि २०२४ मध्ये ५.६.० आणि ५.६.१ या आवृत्त्यांत दुसऱ्याच्या सर्व्हरमध्ये घुसायची चोरवाट निघाली. ती सापडली तीही अशी, की आंद्रेस फ्रॉइंड या इंजिनिअरला एसएसएच लॉगिन (दूरच्या मशीनवर शिरायची रीत) अर्धा सेकंद जास्त का घेतंय याची खुटखुट लागली. त्यानं २९ मार्चला ते जाहीर केलं. लकडा लावणारी ती खातीही त्याच कटातली असावीत, असं आज बहुतेक जाणकार मानतात.

तू तसा नाहीस, पण ‘मेला का?’ विचारणारा तू आणि खाली ‘मला ॲक्सेस द्या’ म्हणणारा तो, हे जोडपं बाहेरून कसं दिसतं ते बघ. किल्ल्या तू मागू नकोस, कोणाला द्यायलाही सांगू नकोस. दमलेल्या माणसानं घाईत दिलेली किल्ली ते पॅकेज वापरणाऱ्या सगळ्यांना महागात पडते.

राहिला तुझा वावराचा प्रश्न. वावर एकच असतं, तू नांगर घातलास की दुसऱ्याला घालता येत नाही, म्हणून ती चोरी. कोडचं तसं नाही. तू अख्खं वावर उचलून नेलंस तरी त्याचं धुऱ्यासकट जागेवरच राहतं, आणि एमआयटी लायसन्सनं त्यानं ‘न्या’ असं आधीच लिहून ठेवलंय. अट एकच, त्याची कॉपीराइटची ओळ आणि लायसन्सचा मजकूर सोबत न्यायचा. (लायसन्सच नसतं तर गोष्ट उलटी होती. लायसन्स नसणं म्हणजे मोकळं रान नव्हे, सगळे हक्क लिहिणाऱ्याकडे.) एकच गोष्ट तुला उचलता येत नाही, ती म्हणजे सातबारा. पॅकेजचं नाव त्याच्या खात्यावर आहे.

त्या नावाचाही फेरफार होतो. पायथॉनच्या पॅकेजांची जिथं नोंद असते त्या पायपीआयचे नियम पेप ५४१ नावाच्या दस्तऐवजात लिहिलेले आहेत. मालकाचा पत्ता लागत नाही, १२ महिन्यांत एकही रिलीज नाही आणि प्रोजेक्टच्या पानावर मालकाची काही हालचाल नाही, हे तिन्ही जुळलं तरच पॅकेज बेवारस धरतात. पायपीआयवाले स्वतः निदान तीनदा संपर्क करून बघतात, सहा आठवडे वाट पाहतात. तलाठी फेरफाराची नोटीस लावून हरकतीला १५ दिवस देतो, त्यापेक्षा इथं वेळ जास्त आहे. नंतर अर्जदारानं दाखवायचं की मी स्वतः संपर्काचा प्रयत्न केला, माझ्या फोर्कमध्ये प्रत्यक्ष सुधारणा केल्या, आणि वेगळ्या नावाचा फोर्क का चालणार नाही. या शेवटच्या प्रश्नाला तुझ्याकडे उत्तर नाही. तुझ्यासाठी वेगळं नाव अगदी छान चालेल. म्हणून त्या वाटेला जाऊच नकोस.

डेबियन या लिनक्सच्या प्रकारावर काम करणाऱ्यांचीही अशी एक रीत आहे. दुर्लक्षित पॅकेज ‘सोडवून घ्यायचा इरादा’ जाहीर करायचा, मेंटेनरला २१ दिवस द्यायचे, तरी कोणी बोललं नाही तर नवी आवृत्ती निदान ७ दिवसांच्या रांगेत ठेवायची, म्हणजे शेवटच्या क्षणीही त्याला ‘थांब’ म्हणता येतं. मला ही रीत आवडते. तुझ्या मेलमधला महिना मी तिथूनच घेतलाय.

मित्राचं म्हणणं म्हणजे अर्धं बरोबर आहे. टाक, पण ‘आपल्या नावानं’ नव्हे, वेगळ्या नावानं आणि मूळ नाव सांगून. पायथॉनमध्ये चित्रांवर काम करणारे पुष्कळजण पिलो हे पॅकेज वापरतात. ते असंच जन्माला आलं. मूळ पीआयएलची शेवटची आवृत्ती २००९ ची, मग २०१० मध्ये पिलो हा फोर्क निघाला. आज मूळ कोणी वापरत नाही, तरी कोडमध्ये पीआयएल हेच नाव इम्पोर्ट होतं. त्याचा फायदा असा की लोकांना जुना कोड बदलावा लागला नाही. तोटा असा की दोन्ही एकाच ठिकाणी इन्स्टॉल करता येत नाहीत. तुझं पॅकेज थोडेच लोक वापरत असतील, तू इम्पोर्टचं नावही वेगळं ठेव, भांडणच नको. आणि मूळ नावात एखादं अक्षर इकडेतिकडे करून फसवं नाव काढू नकोस. असल्या नावांखाली विषारी पॅकेजं खपवतात, लोक तुलाही त्यांतलाच समजतील.

फोर्क टाकलास की मेंटेनर तू. हे मित्रानं तुला सांगितलं नसेल. कोणीतरी कुठूनतरी इश्यू टाकेल, आणि तू त्या दिवशी सोयाबीनच्या मळणीवर असशील. म्हणून पहिल्याच दिवशी रीडमीत (पॅकेजसोबतच्या माहितीच्या फाइलीत) खरं लिही: मी हे महिन्यातून एकदा बघतो, पेरणी आणि काढणीच्या दिवसांत बघत नाही. १ जानेवारी २०२४ पासून पायपीआयवर दोन टप्प्यांचं लॉगिन सगळ्यांना सक्तीचं आहे. रिकव्हरी कोड कागदावर लिहून कपाटात ठेव, मोबाइल विहिरीत पडला तर पॅकेजही बुडायला नको. दुसरा मालक जोड. घाई नाही, पण ज्याला तू समोरासमोर ओळखतोस, ज्याचा कोड वाचला आहेस असा, वर्गमित्र असला तरी चालेल. आणि कधी तुलाच नको झालं तर गप्प बसू नकोस. रेपॉझिटरी (गिटहबवरची कोडची जागा) आर्काइव्ह करायची, म्हणजे नुसती वाचण्यापुरती ठेवायची, सोय आहे, पायपीआयवर ‘इनॲक्टिव्ह’ असा दर्जा लावता येतो. पाच मिनिटांचं काम, पण त्यानं पुढच्या पोराची दिवाळी ते उन्हाळा वाट बघण्यात जात नाही.

मधेच तो मूळ माणूस उगवला तर? उगवतात, वर्षभरानंही. ‘माफ करा, कामात होतो’ असा दोन ओळींचा मेल येतो. तेव्हा मागचा हिशेब काढू नकोस. दुरुस्त्या त्याच्याकडे पाठव, त्यानं घेतल्या आणि नवी आवृत्ती काढली तर तुझ्या रीडमीत ‘आता मूळ पॅकेजच वापरा’ असं लिहून मोकळा हो. नाही म्हणाला तर फोर्क आहेच.

नोकरीच्या अर्जात जरूर दाखव, पण ‘पॅकेज लिहिलं’ म्हणू नकोस. ‘जुन्या मराठी फॉन्टचं युनिकोड करणाऱ्या पॅकेजचा फोर्क सांभाळतो, पायथॉन ३.१२ आणि अर्ध्या र च्या सर्चची दुरुस्ती केली’ एवढं लिही आणि मूळ पॅकेजचा दुवा दे. मुलाखत घेणारा जाणता असेल तर तो कोडपेक्षा तुझे ते मेल आणि इश्यूवरच्या नोंदी आधी वाचेल, म्हणून तो ‘मेला का?’ आजच काढ.